चेनवर भागलं असतं

गेल्या जूनमधली गोष्ट. पाऊस नुकता सुरू झाला होता. रविवारी पहाटे सायकलवरून सिंहगड चढायला निघालो होतो. गोळेवाडीचा नाका मागे पडला, रस्त्याने मान वर केली, आणि सीटवरून उठून मी पॅडलवर भार दिला तर पायाखालची पायरीच निसटली. चेन दात्यांवरून खाडकन पुढे सरकली, उजवा गुडघा हँडलवर आदळला आणि सायकल डोंगराच्या बाजूच्या ओल्या गवतात गेली. दरीच्या बाजूला गेली नाही हे नशीब. उठून पुन्हा प्रयत्न केला. बसून, सगळ्यात हलक्या गिअरवर, सावकाश. पण भार दिला की पुन्हा तेच, खाड्. शेवटी गुडघा चोळत परत फिरलो. उताराला पॅडल मारावं लागत नाही, त्यामुळे खाली येताना सायकलला काही झालंय असं वाटतही नव्हतं. ओल्या मातीचा वास येत होता, ढग गडाच्या खांद्यापर्यंत उतरले होते, वर जाणारे ओळखीचे चेहरे हात करत होते आणि प्रत्येकाला मी हातानेच ‘काही नाही, काही नाही’ असं सांगत होतो.

दुकानातल्या मेकॅनिकने सायकल स्टँडवर चढवली, चेनवर बोट फिरवलं आणि ड्रॉवरमधून पत्र्याची एक चपटी पट्टी काढली. चेन किती झिजली ते मोजायची पट्टी. चेन चांगली असेल तर तिचं टोक कड्यांवर अडतं, आत जात नाही. माझ्या चेनमध्ये ते अडखळलंसुद्धा नाही, सरळ आत जाऊन बसलं. ‘सर, ही एक टक्क्याच्याही पुढे गेलीय,’ तो म्हणाला. मग त्याने जुनी चेन उतरवली, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली, तिच्या शेजारी नवी अडकवली आणि खालून एकेक कडी मोजत नवी तेवढ्याच कड्यांवर तोडली. एकशे चौदा या बाजूला, एकशे चौदा त्या बाजूला. वरची टोकं एकाच खिळ्यात. खालची टोकं मात्र जुळत नव्हती. जुनी चेन नवीपेक्षा दीड सेंटिमीटर लांब लोंबत होती. मी बघतच राहिलो. लोखंड ताणलं जातं असं इतकी वर्षं मला वाटायचं. तसं नसतं, त्याने सांगितलं. प्रत्येक कडीतली पिन जराशी झिजते, केसाएवढी, आणि एकशे चौदा केस एकत्र आले की एवढं होतं. मग त्याने मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा, हातात दिली. दाते करवतीसारखे एका बाजूला कलले होते. पुढच्या चेनरिंगचं, म्हणजे पॅडलजवळच्या मोठ्या दातेरी चकतीचंही तेच. लांब झालेली चेन दात्यांना आपल्या मापाचं करून घेते, मग त्यांच्यावर नवी चेन बसत नाही. सगळंच बदलावं लागतं. हात पुसत तो म्हणाला, ‘हजारेक किलोमीटर आधी आला असतात ना, तर चेनवर भागलं असतं.’

नऊ हजार सातशे रुपये झाले. नुसती चेन दीड हजाराची होती.

पैसे दिले, घरी आलो, गुडघ्याला बर्फ लावला. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. चेनवर भागलं असतं. कारण असं नव्हतं की मला कळलं नव्हतं. मी छंदाच्या खर्चाची एक वही ठेवतो. त्या वहीत फेब्रुवारीच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘चेन बदलणे’. मार्चच्या पानावर तेच पुन्हा, आणि पुढे कंसात ‘पुढच्या महिन्यात’. त्याच मार्च महिन्यात मी गाडीच्या चारही अलॉय व्हील्सना नवं पावडर कोटिंग करून घेतलं, गनमेटल रंगात, आणि रंग नवा तर रबर जुनं कशाला म्हणून चार नवे टायरही घातले. एकतीस हजार. उतरवलेल्या टायरांवर अजून निदान वर्षभराची नक्षी शिल्लक होती. न झिजलेलं बदललं आणि झिजलेलं तसंच चालवलं. समोरासमोरच्या दोन पानांवर हे लिहिलेलं असून तीन महिने मला ते दिसलं नव्हतं.

वही ठेवायची सवय अण्णांची. अण्णा, म्हणजे माझे वडील, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते आणि नोकरीची सगळी वर्षं त्यांनी सायकलवर काढली. कारखान्याचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. मी कोपऱ्यावर उभा राहून त्यात अण्णांना शोधायचो आणि चेहऱ्याआधी मला त्यांच्या घंटीचा आवाज सापडायचा. जाड पितळी घंटी होती, तिचा ट्रिंग इतरांपेक्षा खालच्या सुरात वाजायचा. रविवारी सकाळी सायकल अंगणात उलटी ठेवली जायची, हँडल आणि सीटवर. खोबरेल तेलाच्या चिंधीने एकेक तार पुसायची. चेनला तेल घालायचं काम माझं. काडीने, एका कडीला एक थेंब, सांडायचं नाही. ‘तेल पोटात जायला पाहिजे, अंगावर नको,’ असं अण्णा म्हणायचे. आतल्या पिनेविषयी ते तेव्हाच बोलत होते, हे मला चाळीस वर्षांनी, तो खिळा बघताना समजलं.

अण्णांची खिशातली डायरी अजून आईच्या कपाटात आहे. 1984 सालची. दूध, रेशन, शाळेची फी, आणि अधूनमधून सायकल. पंक्चर. वॉलट्यूब. ब्रेकचे रबर. छर्रे व ग्रीस. दिवाळीच्या आधी एकदा ओव्हरऑइलिंग. वर्षभर चाळलं तरी सायकलच्या नावावर झीज भरून काढण्यापलीकडे एक पैसा दिसत नाही. फक्त एका पानावर वेगळी नोंद आहे. त्या वर्षी मी हट्टाने चाकाच्या तारांमध्ये घालायचे रंगीत प्लास्टिकचे मणी मागितले होते. चाक फिरलं की ते सरसर खाली घसरायचे. अण्णांच्या त्या काळ्या, गंभीर सायकलला लाल-पिवळे मणी. कारखान्यात त्यांना कोणी काही म्हटलं असेल की नाही, ठाऊक नाही. डायरीत मात्र त्या दिवशी लिहिलंय, ‘मणी, 3 रुपये’, आणि पुढे एकच शब्द, ‘हौस’.

गाडीचं वेड तिथूनच आलं असावं असं मला वाटतं. मण्यांनंतर आम्ही चाकाच्या तारांना पत्त्यातला जोकर चिमट्याने अडकवून फटफटीचा आवाज काढायचो. वस्तू जशी मिळाली तशी ठेवायची नाही, आपला हात तिच्यावर फिरलेला दिसला पाहिजे, ही ओढ ज्याला असते त्याला ती लहानपणापासूनच असते. 2007 च्या दसऱ्याला मी पहिली गाडी घेतली, स्विफ्ट झेडएक्सआय, तेराशे सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन असलेली. ज्यांनी ते इंजिन चालवलंय त्यांना सांगायची गरज नाही. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांच्या पुढे गेला की ते वेगळ्या आवाजात बोलायला लागायचं. 2011 पर्यंत मी तिला हात लावला नाही, कर्ज फिटायचं होतं. कर्जाचा शेवटचा हप्ता गेला त्याच महिन्यात गाडीच्या सामानासाठी नाना पेठेच्या फेऱ्या सुरू झाल्या.

त्या दिवसांबद्दल मला आज कमीपणाने बोलायचं नाही. कॉलेजातल्या मित्राचं हडपसरकडे गॅरेज होतं. शनिवारी रात्री शटर अर्धं खाली ओढून आम्ही काम करायचो. पेट्रोल, जुनं ग्रीस आणि कटिंग चहा यांचा मिळून एक वास असतो, तो अजून कुठे आला तर माझी पावलं थांबतात. मूळ टायर 185/70 आर 14 होता, म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि रिमचा व्यास इंचांत. कागदावर आकडेमोड करून मी 195/60 आर 15 वर आलो, कारण दोन्हींचा एकूण व्यास जवळपास सारखाच, 615 मिलिमीटरच्या आसपास येतो आणि स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. फरक पडतो तो रबराच्या भिंतीत. ती तेरा मिलिमीटर उतरते. वळणावर गाडी घट्ट वाटते ती त्या तेरा मिलिमीटरमुळे आणि खड्ड्यात पाठीला कळ येते तीही त्यामुळेच. मग चाळीस मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आल्या, एक्झॉस्ट आला. प्रत्येक वस्तूमागे महिनोन् महिने वाचन, विचारपूस, पैसे साठवणं. ती बसवली की त्या रात्री कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत एक चक्कर. बोगद्यात खिडक्या खाली करून तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओढायचं आणि भिंतीवरून परत येणारा आवाज ऐकायचा. तो आनंद खरा होता. पण तो त्या पहिल्या चक्करमध्ये सगळ्यात जास्त असायचा आणि पुढच्या सोमवारपासून रोज थोडा थोडा कमी होत जायचा, हेही खरं. महिन्याभरात कान त्या आवाजाला सरावायचे आणि मन पुढच्या वस्तूकडे वळायचं.

काढलेल्या मूळ वस्तू मी टाकल्या नाहीत. गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. त्याचा उपयोग अकरा वर्षांनी झाला. 2022 मध्ये गाडीची पंधरा वर्षं भरली आणि नोंदणीचं नूतनीकरण करायची वेळ आली. त्याच एप्रिलपासून त्याचं शुल्क सहाशेवरून पाच हजार झालं होतं, पर्यावरण कर वेगळा. पैशापेक्षा प्रश्न तपासणीचा होता. मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट सांगितलं होतं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार केलेल्या गाडीची नोंदणी करता येणार नाही. विम्याचंही तसंच. न कळवलेला बदल अपघाताच्या दिवशी तुमच्याच विरोधात उभा राहतो. ही माहिती मला आधीही होती आणि तिच्याकडे मी डोळेझाक केली होती, हे कबूल करायला हवं. तेव्हा मित्राच्या गॅरेजमध्ये पुन्हा एक शनिवारची रात्र. माळ्यावरून गोणपाट उतरलं. मूळ स्प्रिंगा, मूळ सायलेन्सर, मूळ चौदा इंची चाकं. गाडी स्टँडवरून खाली घेतली तेव्हा ती दोन बोटं उंच उभी राहिली आणि मला ती अनोळखी वाटली. लाजल्यासारखी.

पासिंग झालं. त्यानंतरच्या रविवारी आईला जेजुरीला नेलं. आई मागच्या सीटवर, डावीकडे बसते. इतकी वर्षं ती बसताना पिशवीतून एक उशी काढायची आणि कमरेमागे लावायची. वयामुळे असेल असं मी धरून चाललो होतो. दिवे घाट चढलो, सासवड आलं, आणि आरशात बघितलं तर उशी पिशवीतच होती. आई बाहेर बघत शेंगा सोलत होती. सासवडच्या पुढे रस्ता जरा खराब लागला तेव्हा ती म्हणाली, ‘गाडी दुरुस्त केलीस का रे? आता बरी चालते.’

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

अकरा वर्षं तिला वाटत होतं की गाडीत काहीतरी बिघाड आहे आणि मुलाला तो दुरुस्त करणं जमत नाहीये, पैशाचं काही असेल, कशाला बोलून दाखवा. ज्या स्प्रिंगांसाठी मी आठ महिने पैसे साठवले होते, त्यांना ती बिघाड समजत होती. त्या दिवशी मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, परत येताना दिवे घाटाच्या उतारावर गाडी वळणात बाहेरच्या बाजूला कलली, तेव्हा जुन्या स्प्रिंगांची आठवणही आली, जोरात आली. हातांना त्या घट्टपणाची सवय झाली होती. स्प्रिंगा आता परत लावल्या नाहीत, एक्झॉस्टही नाही. पंधरा इंची चाकं मात्र काही महिन्यांनी पुन्हा चढली. तेवढं सोडवत नाही. मार्चमधले एकतीस हजार त्याच चाकांवर गेले.

सायकल मधल्या काळात आली. 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी दोघांच्या संघात अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे 4,800 किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ नऊ दिवसांच्या आत पुरी केली, तेव्हा आमच्या ओळखीतल्या कितीतरी चाळिशीच्या माणसांनी माळ्यावरच्या सायकली खाली काढल्या. दोन वर्षांनी नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. मी त्या दोन बातम्यांच्या मधला. सहकाऱ्याची जुनी रोड बाइक घेतली, नऊ गिअरच्या कॅसेटची, बावीस हजारांना. मनात हिशोब सरळ होता. गाडीचा नाद महागडा, आता हा स्वस्तातला धरू. पेट्रोल नाही, विमा नाही, पासिंग नाही.

स्वस्तातला नाद वगैरे काही नसतो. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पॅड लावलेली शॉर्ट घ्यावी लागली, आणि स्वस्त घेतली म्हणून दुसऱ्यांदा चांगली घ्यावी लागली. हेल्मेट, पुढचा दिवा, मागचा दिवा, फ्लोअर पंप, पॅडलला अडकणारे क्लीट्सचे बूट, गुडघ्यासाठी सायकलच्या मापांचं फिटिंग. वर्षभरात बावीस हजारांच्या सायकलभोवती तेवढ्याच पैशांचं सामान जमलं. मग हलक्या चाकांचा विषय निघाला. कार्बनची चाकं, साठ हजारांच्या घरात, सहाशे ग्रॅम वाचणार. गाडीच्या टायरसाठी कागद घेऊन बसलो होतो तसा इथेही बसलो. मी 76 किलो, सायकल 10, पाणी-हत्यारं-बूट मिळून 3. एकूण 89. खड्या चढावर बहुतेक ताकद हे वजन वर उचलण्यातच जाते, म्हणजे एक किलो कमी झाला तर वेळ साधारण एक टक्क्याने घटतो. सिंहगडाला मला 62 मिनिटं लागायची. एका किलोचे चाळीसेक सेकंद. सहाशे ग्रॅमचे पंचवीस. साठ हजार रुपयांत पंचवीस सेकंद. त्या उन्हाळ्यात रात्रीचा भात सोडला आणि शनिवार-रविवार दोन्ही दिवस चढायला गेलो. चार किलो उतरले, चढ तीन मिनिटांनी कमी झाला. कार्बनच्या चाकांचा विचार पुढे ढकलला. सोडला असं म्हणणार नाही.

पुढच्या हिवाळ्यात पहिली दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे केली, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. पसरणी घाट चढून पाचगणी आणि परत पुणे. साडेतेरा तासांची मुदत. मला बारा तास पन्नास मिनिटं लागली. खंबाटकीच्या चढावर ट्रकांच्या धुरात, पाठीवर ऊन घेत, एका क्षणी मला माझ्याच गाडीची आठवण झाली. हाच घाट मी तिसऱ्या गिअरमध्ये चार मिनिटांत मागे टाकायचो आणि त्याचं मला फक्त डांबर आठवत होतं. सायकलवरून मला कळलं की तिथे कुठे सावली आहे, कुठल्या वळणावर गार हवेचा झोत येतो, आणि संरक्षक भिंतीच्या फटीत पिंपळाचं रोप उगवलेलं आहे. घरी आलो तेव्हा पायांत गोळे होते, हाताची दोन बोटं बधिर होती आणि मी इतका आनंदात होतो की जेवता जेवता झोपलो.

बायकोने त्या रात्री काही म्हटलं नाही. काही दिवसांनी मी वहीत ब्रेव्हेची फी आणि वाटेतला चहा-केळ्यांचा खर्च लिहीत होतो, ती शेजारी भाजी निवडत होती. म्हणाली, ‘पैशाचं माझं काही नाही रे. गाडीचंही नव्हतं, सायकलचंही नाही. पण रविवारी सकाळी तू घरात नसतोस, ते कुठल्या पानावर लिहितोस?’ आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. गाडीवर कितीही उधळलं तरी त्या गाडीत चौघांना जागा होती. आई जेजुरीला गेली, मुलगी शाळेच्या स्पर्धेला गेली, आम्ही चौघं गणपतीपुळ्याला गेलो. सायकलला सीट एकच. तिच्यावरून पाहिलेला पिंपळ मी कोणाला दाखवू शकत नाही, नुसता सांगू शकतो. त्या दिवसापासून महिन्यातला एक रविवार घरचा, अलार्म न लावता. कधी पाळला जातो, कधी एखादी राइड अशी येते की मी केविलवाण्या चेहऱ्याने विचारतो आणि ती ‘जा’ म्हणते. हा हिशोब काही जुळलेला नाही.

पैशाचा हिशोब मात्र त्या जूनच्या रविवारनंतर बदलला. आधी दर महिन्याला चार हजारांची आरडी होती, दोन्ही छंदांना मिळून. वर्षाला अठ्ठेचाळीस हजार, आणि त्यातून जे आधी मनात येईल ते आधी व्हायचं. मनात अर्थात गाडीचंच काहीतरी आधी यायचं, कारण नवी वस्तू बोलावते. झिजलेली वस्तू कोणाला बोलावत नाही. ती मुकाट्याने चालत राहते, एका पहाटे पायाखालून निघून जाईपर्यंत. मी अण्णांची डायरी आईकडून मागून आणली आणि वहीच्या मागच्या बाजूने नवं पान सुरू केलं. मधोमध रेघ. एका बाजूला झीज, दुसऱ्या बाजूला हौस. गाडी कुठली, सायकल कुठली, ते बघायचंच नाही. मग मागची सगळी वर्षं त्या दोन रकान्यांत पुन्हा उतरवून काढली. चार रात्री लागल्या.

गाडीच्या खर्चातले निम्म्याहून जास्त आकडे हौसेत गेले, यात नवल नव्हतं. नवल दुसरंच होतं. सायकलच्या खर्चात सुरुवातीच्या दोन वर्षांत हौसच हौस होती, आणि जसजसे किलोमीटर वाढले तसतशी झीज वाढत गेली. टायर, ट्यूब, ब्रेक पॅड, केबल, हँडलची टेप घामाने सडली म्हणून. झिजेच्या प्रत्येक आकड्यासमोर मला एखादा रस्ता आठवत होता. मागचा टायर मुळशीच्या बाजूला काचेने फाटला होता, आत पाचशेची नोट घडी करून लावून घरी आलो होतो. ब्रेक पॅड एका पावसाळ्यात ताम्हिणीत संपले. गाडीच्या बाजूला झिजेचे आकडे थोडेच होते, पण तिथेही तसंच झालं. क्लच प्लेट बदलली ती मुलगी गाडी शिकली त्या वर्षी. एक्झॉस्टच्या चौदा हजारांपुढे बघत बसलो तर फक्त बोगदा आठवला. एक रात्र. सुंदर रात्र होती, पण एकच.

आता झिजेचं आधी होतं. दोन्ही वाहनांचं. त्यातून उरलं तर हौस. हौसेला मोल नाही असं आपण म्हणतो, पण अण्णांनी तीन रुपये लिहून ठेवले होते, आणि ते लिहूनही मणी आणले होते. मला ते दोन्ही महत्त्वाचं वाटतं. हौस बंद करून टाकावी असं मला त्या रविवारी क्षणभर वाटलं होतं. गाडी विकावी, चाकं विकावीत, सुटावं. मित्राला फोन करून तसं बोललोही. तो म्हणाला, ‘वीक, पण विकल्यावर शनिवारी रात्री इथे येशील का?’ त्याचं शटर अजून अर्धंच खाली असतं. मी गाडी विकली नाही.

जुनी चेन मेकॅनिकने कचऱ्यात टाकायला घेतली होती, ती मी मागून घेतली. वर्तमानपत्रात गुंडाळून दिली त्याने, कागदाला काळे डाग पडले. घरी केरोसीनमध्ये धुतली आणि गॅलरीतल्या खिळ्याला अडकवली. मुलीने विचारलं, हे काय. मी सांगितलं की ही दीड सेंटिमीटर लांब झालीय, कुठून आली ही लांबी, सांग. ती म्हणाली, सिंहगडावरून. तिला पिनांविषयी सांगायचं राहूनच गेलं.

यंदाच्या नवरात्रात मी तशीच पत्र्याची पट्टी विकत आणली. खंडेनवमीला गाडी धुतली, सायकल धुतली, दोघींना झेंडूची माळ घातली. आईने गाडीच्या बॉनेटवर आणि सायकलच्या हँडलवर हळदकुंकू लावलं. ते झाल्यावर मी पट्टी चेनवर ठेवून बघितली. टोक कडीवर अडलं, आत गेलं नाही. अडीच हजार किलोमीटर झालेत. वहीत तारीख आणि आकडा लिहिला. गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून गेले दोन आठवडे कट् असा आवाज येतोय, बहुधा चाकाला धरणाऱ्या लोअर आर्मचा रबरी बुश गेलाय. तोही झिजेच्या बाजूला लिहिला, दिवाळीच्या आधी करायचा म्हणून. त्या महिन्यात सातशे रुपये उरत होते.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सोनं द्यायला बाहेर पडलो होतो, तेव्हा एका जुन्या सायकलच्या दुकानात काचेच्या कपाटात मागे एक पितळी घंटी दिसली. जाड, दोन वाट्यांची. दुकानदार काका म्हणाले, ‘ही रोड बाइकवर कशाला लावता, वजन बघा हिचं.’ मी हातात घेऊन वाजवली. अगदी तो सूर नव्हता, पण जवळचा होता. साडेतीनशेला घेतली. रात्री हँडलवर बसवली आणि उजवीकडच्या रकान्यात लिहिलं, ‘घंटी, 350 रुपये, हौस’.